ज्याचं मशीन वाजेल

मशीन वाजून थांबलं, तरी कुणी काही बोललं नाही.

खिडकीजवळच्या खाटेवरचा नवा माणूस गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. आपल्या हातून काही आगळीक घडली की काय, अशी ओशाळी शंका त्याच्या तोंडावर उमटली होती. तंत्रज्ञ शेखर पलीकडच्या टोकाहून धावत आला. पूर्वी अशा वेळी तो चालत यायचा, आता धावतो. त्यानं त्या माणसाचा दुमडलेला हात सरळ केला, नळीतला पीळ काढला, बटण दाबलं. लाल दिवा हिरवा झाला आणि रक्त पुन्हा आपल्या वाटेनं फिरू लागलं.

"हात सरळ ठेवा काका. वाकला की वाजतं ते."

"बरं," नवा माणूस म्हणाला. मग जरा थांबून, "पण सगळे असं का बघायलेत माझ्याकडं?"

समोरच्या खाटेवरचे भिमाजी आबा छताच्या पंख्याकडे पाहत राहिले, जणू त्याची पाती मोजून संपायचीच नाहीत. भिंतीकडच्या दोघांनी डोळे मिटले. मिनलनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

त्या बिचाऱ्याला कोण सांगणार, की याच आवाजावर महिन्याभरापूर्वी हा सगळा वॉर्ड खदखदून हसला असता. आणि पहिल्याच दिवशी, सुया टोचलेल्या हातानं, लाजतकाजत का होईना, त्याला एक गाणं म्हणावं लागलं असतं. आणि हे तरी कोण सांगणार, की ज्या खाटेवर तो निजला आहे, ती मन्सूरचाचांची.

कासारवाडीच्या स्टेशनापासून जवळच, टायरच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर हे सहा खाटांचं डायलिसिस केंद्र आहे. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं इथं येतात, पहुडतात, आणि त्यांचं रक्त बाहेर निघून, यंत्रातून धुऊन, पुन्हा त्यांच्यात भरलं जातं. सोमवार आणि गुरुवारची दुपार ही मिनलच्या वाट्याला आलेली शिफ्ट. शिफ्ट हा शब्द इथं सगळेच वापरतात, कारण या पट्ट्यातल्या माणसाला आयुष्याचा तुकडा पाडायला दुसरा शब्द ठाऊकच नाही. कुणी चाकणच्या कंपनीत शिफ्ट केली, कुणी भोसरीत. आता उरलेल्या देहाची शिफ्ट इथं. खालून गाड्यांचा धूर वर येतो, लोणावळ्याकडे जाणारी लोकल गेली की काचा थरथरतात, आणि पांढऱ्या चादरींवर लोखंडाच्या वासाचं एक ऊन पसरतं.

मिनल पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिला तिशी नुकतीच लागली होती. हिंजवडीच्या कंपनीत ती परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. आधी पाय सुजले, मग चेहरा, मग एका सकाळी जिना चढताना श्वास मधल्याच पायरीवर राहून गेला. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा तिची मूत्रपिंडं वाळलेल्या शेंगांसारखी झाली होती. नोकरी गेली. ठरलेलं लग्न मोडलं. म्हणजे मोडलं असं कुणी म्हणालं नाही, फक्त फोन यायचे थांबले. आई गिरजाबाईला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. भाऊ प्रितमच्या किडनीचा विषय देहूरोडच्या त्या दोन खोल्यांत एकदाच निघाला, आणि त्याच्या बायकोनं ताटावरून उठून तो संपवला.

दुसऱ्या वर्षी मिनलनं न येण्याचा सराव सुरू केला. एक सोमवार चुकवला, मग एक सबंध आठवडा. फुप्फुसांत पाणी भरत गेलं. निजलं की बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणून ती भिंतीला टेकून बसायची. एका पहाटे गिरजाबाईनं शेजारच्यांना उठवून तिला रिक्षात घातलं, तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. जगायला कारण लागतंच असं नाही. पण आठवड्यातून दोनदा दाभणासारख्या सुया टोचून घ्यायला लागतं. तिच्यापाशी ते नव्हतं.

मग मन्सूरचाचा आले.

नाशिक फाट्याजवळ त्यांचं गॅरेज होतं. ट्रकचे कमानपाटे बसवण्यात हयात गेली, आणि हयातीच्या रविवारच्या रात्री कव्वालीत. मुख्य गवय्या ते कधीच नव्हते. दुसऱ्या रांगेत बसून टाळी देणारे, उचललेली ओळ खांद्यावर घेऊन पुढे नेणारे, ज्यांना हमनवा म्हणतात, त्यांतले ते एक. डायलिसिससाठी डाव्या हाताची शीर धमनीला जोडली गेली, तिथं मनगटापासून कोपरापर्यंत फुगीर गाठी उठल्या, आणि त्या हाताला ताण देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी ते पेटीवर गात, आणि पेटीचा भाता डाव्या हाताचा. चाचांनी पेटी कपाटावर ठेवली आणि गाणंही तिच्याशेजारीच ठेवून दिलं.

पहिल्याच गुरुवारी भिमाजी आबांचं मशीन वाजलं. चाचांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत तो सूर धरून पाहिला आणि एकदम उद्गारले, "काळी चार! अहो आबा, तुमच्या मशीनचा सूर पक्का आहे हो. आमच्या पार्टीतल्या निम्म्या लोकांचा नव्हता."

"मशीनला कसला आलाय सूर," आबा म्हणाले. चाकणच्या पुढच्या एका गावातले ते. जमीन कंपन्यांच्या पोटात गेली, पण बोली तशीच राहिली. "बोंबलतंय ते."

"बोंबलायलाही सूर लागतो. घ्या, तुम्हाला षड्ज मिळालाय. आता गा."

"आमी काय गानार? आमी भजनात टाळ कुटनारी मान्सं."

"मग कुटा टाळ. मी कुठं ताना मागतोय?"

आबांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि छातीतून उगवल्यासारखा एक अभंग म्हटला. बेसूर, पण असा मोकळा, की भिंतीकडच्या खाटेवर नेहमी तोंड फिरवून निजणारा माणूसही या कुशीवर वळला. त्या दिवशी नियम ठरला. कुणी ठरवला असं नाही. पायवाट पडते तसा तो पडला. ज्याचं मशीन वाजेल त्यानं गावं.

सगळी यंत्रं एकाच बनावटीची, त्यामुळे सगळ्यांचा सूर तोच. हात वाकला, नळी दबली, कुणाचं रक्त जरा संथ झालं, की काळी चार. गाऊन घसा कोरडा पडे आणि पाणी तर घोटाघोटानं मोजून प्यायचं. म्हणून चाचा घरून लवंगा आणत आणि गाणाऱ्याच्या जिभेवर एक ठेवायला लावत. स्वतः डब्याचं स्टीलचं झाकण पोटावर घेऊन उजव्या हाताच्या अंगठीनं त्यावर ठेका धरत.

"आबा, हात मुद्दाम वाकवताय!"

"न्हाई रं, खाज सुटली हुती."

"गाण्याची खाज! पाहिलीय आम्ही."

शेखर आधी प्रत्येक आवाजाला धावत यायचा. मग चालत येऊ लागला. मग लांबूनच, हातातलं काम न सोडता, विचारू लागला, "कोण गातंय?" नाव कळलं की सावकाश येऊन बटण दाबायचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भयाचं ते टोकदार किंकाळणं या माणसांनी घासूनघासून बोथट केलं होतं, त्याला कान टोचून घरातलं करून घेतलं होतं. आणि आपण मरणाच्या दारावरची घंटा काढून तिचं घुंगरू केलं, याचा त्यांना नकळत अभिमान होता.

मिनल मात्र कितीतरी दिवस गायली नाही. तिचं मशीन वाजलं की ती मान हलवून नाही म्हणायची, आणि पाळी पुढे जायची. तिचे वडील किसन भीमगीतांच्या पार्टीत गायचे. दिवसा आकुर्डीच्या फोर्जिंग कंपनीत घण, एप्रिल महिना सगळा गावोगाव गाणं. शिकणाऱ्या मुलीला त्या फाटक्या आवाजाची, त्या कर्ण्यांची लाज वाटे. ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली, आणि तिनं ती जाऊ दिली.

एकदा चाचांनी तिला जवळ बोलावल्यासारखं मान वळवून म्हटलं, "बेटा, हात कानाला लावून बघ बरं."

शीर जोडलेल्या जागी रक्त अखंड घरघरत असतं. ती घरघर चालू आहे ना, हे रोज सकाळी तपासायचं असतं. मिनल ते बोटांनी तपासायची, नाइलाजानं, एखाद्या बंद घराची कडी हलवून पाहावी तसं. त्या दुपारी तिनं पहिल्यांदाच हात कानाशी नेला. आत खोल, न संपणारा एक गुंजारव होता.

"ऐकतेस ना? लोकांना तानपुरा विकत घ्यावा लागतो. आपल्याला हातात बांधून दिलाय. आता तू गायली नाहीस, तर तो कुणासाठी वाजतोय?"

पुढच्या सोमवारी तिचं मशीन वाजलं आणि ती गायली. वडिलांचं एक गाणं. त्याचं धृपदच तेवढं तिला आठवत होतं.

उजेड मागाया गेलो न्हाई कुणाच्या दारी,
माझ्या बाबानं हाती दिली पेटती काडी.

आवाज फाटला, दम तुटला, पण झाकणावरची अंगठी तिच्यासाठी थांबून थांबून चालली. पडणाऱ्याच्या कोपराला हात द्यावा तशी. गाणं संपल्यावर चाचा बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "अंतरा कुठं गेला याचा?"

"आठवत नाही चाचा."

"शोध. धृपद म्हणजे नुसता दरवाजा. घर आत असतं."

त्यानंतर मिनलनं एकही सोमवार चुकवला नाही, एकही गुरुवार नाही. देहूरोडहून लोकलनं यायची, वेळेपेक्षा लवकर निघायची. गिरजाबाई शेजारणीला सांगायची, माझी पोरगी गाण्याच्या क्लासला जाते. आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

अंतरा सापडला तो गिरजाबाईच्या तोंडी. एका सकाळी भाकरी थापता थापता ती एकाएकी थांबली, पीठ लागलेला हात तसाच अधांतरी ठेवून गुणगुणली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. मिनलनं त्या चार ओळी लोकलमध्ये घोकत आणल्या. गुरुवार होता. ती आल्याआल्या चाचांना म्हणाली, "घर सापडलं."

"अल्ला! मग आज कुणाचं मशीन वाजायची वाट बघायची? हात वाकव!"

तिनं हात वाकवला. सगळे हसले. काळी चार झाली, लवंग जिभेवर ठेवली गेली, आणि मिनलनं धृपद उचललं. त्या दिवशी आवाज तिला वश होता. असं फार थोड्या वेळा होतं, की गळा आपला राहत नाही आणि तरी आपल्याइतकं आपलं दुसरं काही नसतं. आबांनी खाटेच्या कडेवर टाळ धरला होता. अंगठी झाकणावर चालली होती. शेखर पाण्याच्या प्लांटच्या खोलीत काहीतरी जोडत होता.

धृपद दुसऱ्यांदा संपत आलं आणि चाचांचं मशीन वाजलं.

"कोण गातंय?" शेखरनं आतून विचारलं.

"मिनल गातीय! चाचा लायनीत हायत!" आबा ओरडले, आणि हशा उसळला.

मिनलनं चाचांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, मान उशीवर किंचित कलली होती. मनापासून ऐकताना ते तसेच दिसत. अंगठी थांबली होती. तेही तिला कळलं, कारण ठेक्याची ती लहानशी धातूची टोच एकाएकी नाहीशी झाली तेव्हा गाण्याखालची जमीन हलल्यासारखी वाटली. पण सूर होता. यंत्राचा तो एकच एक, न थकणारा सूर तिच्या आवाजाखाली उभा होता, आणि ओठांवर अंतरा आला होता. तिनं मोकळा हात त्यांच्या दिशेनं केला, हसली, आणि म्हणाली, "थांबा ना चाचा, माझा अंतरा राहिलाय."

आणि तिनं अंतरा म्हटला.

वात माझी, त्याल माझं, रात माझी सारी,
इझल तरी ऊब ऱ्हाईल तळहातावरी.

दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा म्हणताना तिचे डोळे भरून आले. मग शेखर दारातून आत आला, त्यानं चाचांच्या मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. झाकण चाचांच्या पोटावरून घरंगळून फरशीवर पडलं ते त्यानंतर, शेखर त्यांच्या छातीवर दाब देऊ लागला तेव्हा. त्याचा आवाज फार वेळ फिरत राहिला.

शेखर नंतर म्हणाला, हार्टच होतं. डॉक्टरही तेच म्हणाले; घरच्यांनाही तेच सांगितलं गेलं. "मिनिटभरानं काही फरक पडला नसता मिनलताई," असं तो तिला जिन्यात म्हणाला. पण म्हणताना तो रेलिंगकडे पाहत होता.

गाण्याला कुणी मनाई केली नाही. तिची गरजच पडली नाही. पुढच्या सोमवारी आबांचं मशीन वाजलं आणि त्यांनी सवयीनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. त्या दिवशी हसलेला प्रत्येक जण आता दुसऱ्याची नजर चुकवत होता. मिनल काय बोलली ते सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सगळेच तेव्हा हसले होते. या गोष्टीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि न बोलण्यानं ती गोष्ट त्यांच्यामध्ये एखाद्या सातव्या खाटेसारखी मांडून ठेवली गेली.

गेल्या गुरुवारी मिनल आली नव्हती. आज आली ती गिरजाबाईमुळे. आईनं तिची चप्पल आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि दारात उभी राहिली. शेखरनं वजन घेतलं, अंगातलं साठलेलं पाणी पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असं करू नका ताई. पुढच्या वेळी मी रिपोर्ट बघणार नाही, सरळ ॲम्ब्युलन्सच बोलवावी लागेल."

"बघू," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं की हा शब्द आपण न येण्याच्या त्याच जुन्या विहिरीतून काढला.

शिफ्ट संपत आली होती, तेव्हा काचेचं दार ढकलून एक तरुण बाई आत आली. डोक्यावरून ओढणी, खांद्याला शाळेतल्या बाईंची म्हणावी अशी मोठी पिशवी. दारातच तिची पावलं अडखळली. खिडकीजवळच्या खाटेवर दुसरंच कुणी पाहून तिनं क्षणभर डोळे मिटले.

"मी साबिया. मन्सूर गॅरेजवाल्यांची मुलगी."

आबा उशीवरून उठू पाहत होते. शेखरनं त्यांना खांद्याला धरून निजवलं, तरी ते म्हणालेच, "बस पोरी, बस. कोन हाय तिकडं, खुर्ची द्या तिला."

"नको आबा. तुम्ही आबाच ना? आवाजावरून ओळखलं. अब्बा तुमची नक्कल करायचे." ती हसली, आणि तिचं हसू चाचांचं निघालं. "घरी सोमवारी आणि गुरुवारी रात्री जेवताना आम्हाला सगळा कार्यक्रम परत ऐकावा लागायचा. कोण चुकलं, कोण रडलं. माझा भाऊ तौसिफ म्हणायचा, अब्बा, तुम्ही दवाखान्यात जाता की मैफलीला? पेटी कपाटावर गेल्यापासून घरात त्यांचा आवाज ऐकला नव्हता आम्ही."

ती मिनलच्या खाटेपाशी आली. "आणि तुम्ही मिनलदीदी."

मिनलनं मान हलवली.

साबियानं पिशवीतून एक घडी घातलेली चादर काढली. जाड, तपकिरी, कडेला दोऱ्याचे गोंडे. चाचा नेहमी आणायचे ती. यंत्रातून परत येणारं रक्त गार लागतं, म्हणून प्रत्येक जण घरून आपलं पांघरूण आणतो. "अम्मीनं धुऊन दिलीय. म्हणाली, त्या मुलीला दे; अब्बा सांगायचे, फार कुडकुडते, पण मागून घेत नाही."

तिनं चादर मिनलच्या पायांवर पसरली. त्या चादरीला साबणाखालून अजून लवंगेचा वास येत होता. मिनलनं पाय आखडून घेतले. मग तसं दिसू नये म्हणून पुन्हा लांबवले.

"अम्मी स्वतः आली असती. पण ती इद्दतमध्ये आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं आमच्यात. ती नुसती खिडकीशी बसून असते. एकच गोष्ट सारखी बोलते, की गाणं ऐकता ऐकता गेले, नशीबवान माणूस." साबियानं ओढणी नीट केली. "तिनं सांगितलंय, तुमचं गाणं बंद करू नका. इद्दत संपली की ती स्वतः येणार आहे, त्या खुर्चीवर बसणार आहे, आणि ते काडीचं गाणं ऐकणार आहे. अंतऱ्यासकट. अब्बांना त्या अंतऱ्याचा फार ध्यास होता."

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मिनलच्या मनात एक दार किलकिलं झालं, आणि त्यातून तिला पुढचे गुरुवार दिसले. लवंग, झाकण, हशा, गुंजारव. सगळं परत मिळत होतं. हात पुढे केला की झालं.

"आणि एक विचारायला सांगितलंय तिनं," साबिया म्हणाली. तिचा आवाज उतरला. "वेडं वाटेल तुम्हाला. पण तिला झोप नाही. ती म्हणते, शेवटी त्यांच्या कानावर कुणाचा शब्द पडला? आम्ही कुणी नव्हतो. शेवटच्या घटकेला कानाशी कलमा म्हणायला कुणी नव्हतं. पण कुणीतरी काहीतरी बोललं असेल ना त्यांच्याशी? चांगलं, वाईट, काही का असेना. तेवढं कळलं तर ती ते धरून बसेल."

"बोललो की," आबा भिंतीकडेच पाहत घाईनं म्हणाले. "आमी समदेच बोललो. वा चाचा म्हनलो. मी म्हनलो, चाचा..." आणि त्यांचा आवाज अर्ध्यातच बसला.

साबियानं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. शाळेत पोरांचं खोटं रोज ऐकणाऱ्या बाईनं पाहावं तसं. मग ती मिनलकडे वळली. "अब्बांची खाट तुमच्या शेजारचीच होती, दीदी."

तेवढ्यात मिनलचं मशीन वाजलं.

वेळ भरली होती, एवढाच त्याचा अर्थ. पण वॉर्डातल्या प्रत्येकानं तिच्याकडे पाहिलं. आबांनीही मान वळवली. जुना नियम कुणी मोडला नव्हता, म्हणून तो अजून जिवंत होता. काळी चार. तिची पाळी होती.

शेखर येऊन बटण दाबेपर्यंत सूर तसाच उभा राहिला. त्यानं रक्त परत फिरवलं, चिकटपट्ट्या सोडवल्या, एकामागून एक सुया काढल्या, आणि भोकांवर कापसाची बोळी ठेवून तिच्या दुसऱ्या हाताची बोटं त्यांवर दाबून धरली. "घट्ट धरा," तो पुटपुटला. त्याचे हात गार होते.

साबिया उभी होती. तिच्या चेहऱ्यावर कसलाही आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं. खरं सांगावं, तर तो शब्द घेऊन ती जिना उतरेल, नाशिक फाट्यापर्यंत जाईल, आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या ओंजळीत ठेवील: थांबा. खोटं सांगावं, तर इद्दत संपल्यावर ती बाई त्या खुर्चीवर येऊन बसेल, आणि त्या खोट्याच्या सुरात मिनलला अंतरा म्हणावा लागेल, प्रत्येक गुरुवारी, जन्मभर. आणि जन्म तरी केवढा.

"काय बोललात तुम्ही त्यांच्याशी, दीदी?" साबियानं हळूच विचारलं.

मिनल खाटेवरून उतरली. तपकिरी चादरीची तिनं एका हातानं जमेल तशी घडी केली, आणि ती खाटेच्या पायथ्याशी ठेवली. चपला शोधल्या. बोटांखाली, ओलसर कापसाखाली, शीर घरघरत होती, कुणाला काही ठाऊक नसल्यासारखी.

"गुरुवारी येशील न्हवं, पोरी?" आबांनी मागून विचारलं. "मिनल?"

काचेचं दार तिनं खांद्यानं ढकललं आणि ती जिना उतरू लागली.